जो बोलेल त्याच्या घरी

मला गावच्या समाजसेवी क्लबात घेतलं ते शाळेच्या हॉलसाठी. हे कोणी तोंडावर सांगितलं नाही, पण चिखलीत अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. क्लबाची महिन्यातून दोनदा सभा, हॉटेलवाला भाडं मागायचा, आणि मी ज्या शाळेत भूगोल शिकवतो तिचा हॉल रविवारी रिकामा. म्हणून एक डॉक्टर, एक वकील, कापसाचे जिनिंगवाले दोघं भाऊ आणि मेडिकलवाले अशा वजनदार मंडळींत एक मास्तर जाऊन बसला. कोटाला लावायची पितळी पिन मिळाली. माझ्याकडे कोट नव्हता. मी ती शर्टाला लावायचो, तर दोन महिन्यांत खिसा फाटला.

सभा घंटेनं सुरू व्हायची. मागच्या सभेचा वृत्तांत, टाळ्या, चहा. मग अध्यक्ष विचारायचे, "कोणाला काही सुचवायचं आहे?" आणि सगळे बशीतल्या बिस्किटांकडे बघायला लागायचे. मला वाटायचं, मोठी माणसं आहेत, लाजतात. खरं कारण कळायला मला चार सभा लागल्या. क्लबाचा एक नियम होता, जो कुठेच लिहिलेला नव्हता: जो बोलेल तो करेल. धाकटे जिनिंगवाले एकदा बोलून गेले होते की रस्त्याच्या कडेला झाडं लावली पाहिजेत. त्यानंतर दोन उन्हाळे ते स्वतःच्या टँकरनं त्या झाडांना पाणी घालत होते. तेव्हापासून ते सभेत खोकायलाही बाहेर जात.

पण मी मास्तर पडलो. वर्गात प्रश्न विचारला आणि कोणी उत्तर दिलं नाही, तर शेवटी आपणच द्यायचं, ही पंचवीस वर्षांची सवय. पाचव्या सभेत मी उभा राहिलो. म्हणालो, घरात कोणी पडलं-झडलं तर माणसं वॉकरसाठी, खुर्चीसाठी पार अकोल्यापर्यंत पळतात. क्लबानं हे साहित्य घेऊन ठेवावं आणि गरजेपुरतं फुकट वापरायला द्यावं. अशा टाळ्या मला आयुष्यात मिळाल्या नव्हत्या. टाळ्या ओसरल्यावर अध्यक्ष, म्हणजे वकीलसाहेब, म्हणाले, "अतिशय सुंदर कल्पना. सर, मग हे तुमच्याकडे."

निधीसाठी हुरडा पार्टी ठेवली, थोरल्या जिनिंगवाल्यांच्या शेतात. पास मी स्टाफरूममध्ये खपवले. सहकाऱ्यांनी घेतले, कारण नाही म्हणायला जागा नव्हती, पण तेव्हापासून मी दारात दिसलो की दोघं-तिघं वह्या तपासायला लागतात. हुरडा मात्र गोड निघाला. त्या पैशांतून आणि डॉक्टरांनी घातलेल्या भरीतून साहित्य आलं: हँडल फिरवून डोकं वर करायचे पलंग, चाकाच्या खुर्च्या, कमोडच्या खुर्च्या, बेडपॅन, वॉकर. टेम्पो शाळेपाशी न थांबता सरळ माझ्या दारात आला. हेडमास्तरांनी साहित्य ठेवायला हॉल द्यायला नाही म्हटलं होतं. "तात्पुरतं ठेवू सरांकडे," वकीलसाहेब म्हणाले. त्याला आता तिसरं वर्ष आहे.

मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यामुळे आमची मागची खोली मोकळी होती. ती भरली. आणि आम्ही अडकलो. माणूस काही वेळ बघून पडत नाही. कोणी सकाळी दात घासताना यायचं, कोणी जेवणाच्या ताटावर. कोणीतरी घरात पाहिजेच, म्हणून कोणाच्या लग्नालाही आम्ही जोडीनं गेलो नाही. मी गेलो तर बायको घरी, बायको गेली तर मी. साहित्य नेणाऱ्याचं नाव लिहून घेणं, परत आलेलं फिनेलनं पुसणं, हे सगळं तिच्याकडे आलं. क्लबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र खुर्ची देतानाचे फोटो माझे.

"फोटो तुमचा, फिनेल माहं," ती म्हणायची. तिचं माहेर जळगाव जामोदचं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी राग आला की ती तिकडची बोली बोलते. मला ती बोली चांगलीच समजायला लागली आहे.

मग या पावसाळ्यानंतर सासूबाई अंगणात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. सासरे गेल्यापासून त्या जळगाव जामोदला एकट्याच राहतात, आणि माझी बायको त्यांची एकुलती. खामगावला ऑपरेशन झालं. बायको तिथूनच फोनवर म्हणाली, "आई आपल्याकडं येऊन राह्यली. मागची खोली खाली करून ठेवा."

मी म्हणालो, बघतो.

"पाहू नोका. खाली करा. मायी माय त्या कमोडच्या गंजीत नाई झोपनार."

मी रविवारच्या सभेत विषय मांडला. घरची अडचण सांगितली, आवाजही थोडा जड केला. हे साहित्य केंद्र दुसरीकडे हलवावं म्हणालो. डॉक्टर बिस्किटाची कड कुरतडत राहिले. मेडिकलवाले छताकडे बघत होते, जिथे पंख्याशिवाय काही नव्हतं. धाकटे जिनिंगवाले बाहेर जाऊन खोकत होते.

"विषय गंभीर आहे," वकीलसाहेब म्हणाले. "केंद्र दुसरीकडे हलवावं असा ठराव घेऊ. सूचक कोण?"

कोणी हललं नाही. मला कळत होतं की हा सापळा आहे, पण शांतता मला सहन होत नाही. "सूचक मी," मी म्हणालो.

"छान. मग नवीन जागा बघायचं काम सरांकडे."

घरी येताना एक गोष्ट सुचली आणि मी स्वतःवरच खूश झालो. साहित्य ठेवायला कोणी जागा देत नाही, पण वापरायला तर कोणीही नेईल. सगळंच वाटून टाकलं तर खोली आपोआप रिकामी. पुढचे तीन दिवस मी गावात दुखणी शोधत फिरलो. कोणी लंगडताना दिसलं की गाडी थांबवायचो. एका बाईच्या पायात काटा रुतला होता, तिला मी वॉकर देऊ केलं. चाकाच्या खुर्च्या दोन खेड्यांतल्या म्हाताऱ्यांना पोचवल्या. एक जण म्हणाला, "गुरुजी, मी तं चालतो." मी म्हणालो, पुढं लागेल. शेवटचं वॉकर शेजारच्या रिटायर तलाठ्यांना दिलं. त्यांचा गुडघा कधीमधी कुरकुरतो, तेवढं मला पुरलं.

एक पलंग आणि एक बेडपॅन मी आठवणीनं ठेवलं. लहानपणी आमच्या आजोबांचं हेच हाड मोडलं होतं आणि ते दोन महिने उठले नव्हते. खुब्याचं हाड म्हणजे पडून राहणं, एवढंच माझ्या डोक्यात. खोली धुतली, पलंगावर नवी चादर घातली. शनिवारी दुपारी सासूबाईंची गाडी दारात आली, तेव्हा मी सत्तावीस वर्षांतला सर्वात चांगला जावई होतो.

बायकोनं खोली पाहिली. चेहरा निवळला. मग म्हणाली, "वॉकर कुठंशी आहे?"

"वॉकर कशाला? त्यांना झोपूनच राहायचं आहे ना."

तिनं डिस्चार्जचा कागद पुढे केला. आता तसं नसतं. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी उभं करतात. वॉकर धरून दिवसातून चार वेळा चालवा, संडासला चालतच न्या, नाही तर पाय आखडेल, असं खामगावच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. दवाखान्यातलं वॉकर दवाखान्यात राहिलं होतं. तिनं सांगितलं होतं म्हणे, "आमच्या घरी ढीगभर हायेत."

मी मेडिकलवाल्यांकडे गेलो. म्हटलं, विकत द्या.

"सर, तुमचं केंद्र सुरू झाल्यापासून वॉकर कोण विकत घेतं? मी ठेवणंच बंद केलं," ते म्हणाले. "मागवतो. मंगळवारी येईल."

मग तलाठ्यांकडे गेलो. ते ओट्यावर वॉकर धरून उभे होते आणि जवळून जाणाऱ्याला थांबवून दाखवत होते. मी अडचण सांगितली.

"गुरुजी, मी मांगाले आल्तो का?" ते म्हणाले. "तुमीच घरी आनून देल्लं. आता चार दिवसांत अशी सवय पडली का याच्याबिगर पाय उचलत नाई. सासूबाईले मायाकडून नमस्कार सांगा."

बाकीची वॉकर कुठल्या गल्लीत, कुठल्या खेड्यात गेली ते वहीत असायला हवं होतं. वही बायको लिहिते, आणि ती खामगावला होती. मी वाटायच्या नादात एक नावही लिहिलं नव्हतं.

सासूबाई अंगानं भारी आहेत. बायकोची कंबर आधीच दुखरी. शनिवारी संध्याकाळी तिनं एकटीनं त्यांना संडासपर्यंत नेऊन आणलं, आणि येताना दोघी भिंतीला टेकल्या, पडता पडता राहिल्या. मी धावलो, तशा सासूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि हात मागे घेतला. आमच्याकडे जावयाचं असंच आहे. सत्तावीस वर्षांत त्या माझ्यासमोर खुर्चीवर बसल्या नाहीत. मला चहा हवा का, हेही लेकीला विचारायच्या: "त्यायले इचार." मी एकाच खोलीत असलो तरी. त्यांनी माझ्या अंगाला हात लावणं म्हणजे, काय सांगू, देवाच्या मूर्तीला धरून जिना चढण्यासारखं त्यांच्या लेखी. तसा मी मूर्तीसारखा कधीच नव्हतो, पण ते त्यांना पटवणार कोण.

रविवारी त्या उठल्याच नाहीत. संडासची नाई लागली, म्हणाल्या. बेडपॅन तर त्यांनी आल्या दिवशीच पलंगाखाली सरकवायला लावलं होतं. बायकोला वाटलं, औषधानं असेल. दुपारी तिनं उशाशी ठेवलेला तांब्या उचलला आणि माझ्यासमोर आणून वाकडा केला. काठोकाठ भरलेला. फरशीवर पाणी सांडलं.

"सकाळपासून घोट नाई घेतला तिनं," ती म्हणाली. "जा लागू नये म्हनून पानी पेऊन नाई राह्यली."

एवढंच बोलून ती स्वयंपाकघरात गेली. तिनं मला काही ऐकवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. बाहेरूनच म्हणालो, की मी पाठ करून उभा राहतो. तुम्ही मागून दोन्ही खांद्यांना धरा. मला तुमचं तोंड दिसणार नाही, तुम्हाला माझं दिसणार नाही. वॉकरसारखंच समजा.

आतून लेकीला हाक आली. "त्यायले मनाव, वझं होईन."

"नाई होत," बायको म्हणाली. "त्यायनं लय वॉकर वाटले. आता सोता व्हा म्हना."

मी पलंगाला पाठ करून उभा राहिलो, जरासा वाकून. बायकोनं त्यांना उठवून बसवलं, मग उभं केलं. पदर सारखा केल्याचा आवाज आला. मग एक हात खांद्यावर आला, अगदी हलका, जसा गरम तव्याला लावून बघतात तसा. मग दुसरा. मग सगळं वजन आलं आणि मी पाय रोवले. मी एक पाऊल टाकलं. मागून एक पाऊल सरकलं. बायको कमरेला धरून चालत होती. बारा पावलांचं अंतर. मधल्या उंबऱ्यापाशी त्या थांबल्या. त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

"सावकाश चाला, जावईबुवा," त्या म्हणाल्या.

लेकीला नाही, मला. मी उंबरा सावकाश ओलांडला.

संध्याकाळी परत एकदा झालं. सोमवारी शाळेत जायच्या आधी आणि मधल्या सुट्टीत गाडी हाणत येऊन. मंगळवारी मेडिकलवाल्यांचं वॉकर आलं. सासूबाईंनी ते धरून दोन पावलं टाकली आणि म्हणाल्या, "हे डुगडुगते." बायकोनं ते कोपऱ्यात ठेवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण हसत होती हे पाठीवरून कळत होतं.

पुढच्या रविवारी सभा होती. नवीन जागेबद्दल मला अहवाल द्यायचा होता. मी कपडे केले, पिन लावली, चपला घातल्या, आणि जाता जाता मागच्या खोलीत डोकावलो. सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. उशाशी तांब्या होता. मी उचलून पाहिला. सकाळी भरलेला होता, आता रिकामा.

मी चपला काढल्या आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो.