दोन किलो कापूस

कोणतीही वाईट बातमी घेऊन गेलं, की चाचा आधी उजवा तळवा पुढे करायचे. त्यावर कायम कापसाचे तंतू चिकटलेले. एक फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "बोला सर, ह्यातलं आपल्या हातात काय हाये? तेवढंच बोला. बाकीचं अल्लामियाँ बघून घेईल. त्याला बी काम पाहिजे का न्हाई?"

आमच्या गावातले ते शेवटचे पिंजारी. जाफराबादच्या रस्त्यावर, एसटीच्या थांब्यामागे त्यांचं पत्र्याचं दुकान. तुमच्याही गावात असा एखादा असेलच, ज्याच्याकडे लोक कामाला कमी आणि रडगाणं गायला जास्त जातात. मी शाळामास्तर, त्यामुळे गाऱ्हाण्यांना तोटा नव्हता.

त्यांचा तो कोरडा उपदेश नव्हता. तरुणपणी खांद्यावर धनुकली घेऊन दारोदार कापूस पिंजत हिंडले. मशीन आली आणि धनुकली खुंटीला लागली, तेव्हा परगावच्या मशीनवाल्याकडे एक हंगाम मजुरी केली आणि ते काम शिकून आले. चाची गेल्या, तर चौथ्या दिवशी दुकान उघडं. मला रागच आला. "चाचा, एवढी काय घाई होती?"

"लोकांच्या गाद्या उसवून पडल्यात, सर. रडू नको असं कुठं कोण म्हणतं? गादी भरता भरता रडता येतं. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू बी जात न्हाई."

त्यांचा एक नेम होता. एका घराचा कापूस दुसऱ्या घरात जाऊ द्यायचा नाही. प्रत्येकाचं पोतं वेगळं, आणि एक पोतं पिंजून झालं की मशीन झाडून काढल्याशिवाय दुसरं उघडायचे नाहीत. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, "माणसाची झोप असती त्याच्यात."

माझे वडील गेले. गेलेल्या माणसाचं अंथरूण आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. आई म्हणाली, गादी नाल्यावर नेऊन जाळून ये. मी निघालोही. पण आमच्याच शेतातला कापूस, दोन वर्षांपूर्वी भरलेला, मन होईना. शिकलासवरलेला माणूस ना मी! कापूस काढून पोत्यात कोंबला आणि चाचांकडे टाकला. "जुना आहे, पिंजून ठेवा," एवढंच म्हणालो. कुणाचा, ते सांगितलं नाही.

महिन्याभरात आमच्या शेजारच्या नानांच्या मुलीचं लग्न आलं. रुखवतातली गादी चाचांकडेच होती. लग्नाच्या चार दिवस आधी त्यांनी मला थांब्यावर गाठलं.

"सर, नानाच्या पोरीच्या गादीला दोन किलो कमी पडून राह्यलं. नाना म्हणतो कुठूनबी घाल, पण मी असं कधी केलं न्हाई. तुमच्या पोत्यातला घेऊ का? गादी उद्याच द्यायची हाये, माझा नवा माल आला की बदली देतो."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. चार लोक उभे होते, एसटी लागली होती. "घ्या की, त्यात काय," म्हणालो आणि चढलो.

हळदीच्या दिवशी सकाळी ते नवा कापूस घेऊन घरी आले. ओट्यावर आई बसली होती. तिनं विचारलं, कशाचा हा कापूस? सरांच्या जुन्या पोत्यातला घेतला, त्याच्या बदली, असं त्यांनी सांगितलं. आई माझ्याकडे बघतच राहिली. "म्हंजे ह्यांच्या गादीचा? तो तर तू जाळून आल्ता ना?"

चाचा खाली बसले. आणलेलं पोतं बाजूला सारलं. मग म्हणाले, "आता सांगावं लागंल."

मी हात धरला. "चाचा, कुणाला कळणार आहे? लग्न होऊन जाऊ द्या."

"कळणं न कळणं माझ्याकडं न्हाई, सर. सांगणं माझ्याकडं हाये." उठता उठता थांबले. "तुमचं नाव मी घेणार न्हाई. ते तुम्ही घ्यायचं."

मी त्यांच्या मागे गेलो, पण नानांच्या मांडवापाशी माझे पाय थबकले. चाचा टोपी हातात घेऊन बोलत होते. नाना आधी ऐकत होते, मग ओरडायला लागले. बायकांनी गादी अंगणात आणून टाकली. चाचांनी ती एकट्यानं डोक्यावर घेतली आणि माझ्यासमोरून नाल्याकडे नेली. संध्याकाळपर्यंत नुकत्याच आलेल्या मालातला पदरचा कापूस घालून नवी गादी भरली आणि नानांच्या दारात आणून ठेवली. ती कुणी उचलली नाही. लग्नात जाफराबादहून आणलेली फोमची गादी होती.

पुढे एकेक घर तुटलं. "मढ्याचा कापूस घालतो," असं बोललं जाऊ लागलं. काहींनी त्यांच्या जातधर्माकडे बोट दाखवलं, आणि त्यातले दोघे माझे विद्यार्थी होते. मी शिक्षकांच्या खोलीत चहा पीत खिडकीतून ते ऐकलं. माझी मला शरम वाटते, पण मी गप्प राहिलो.

मशीन विकून चाचा त्याच दुकानात ट्रॅक्टरच्या आणि मोटरसायकलच्या सीट भरू लागले. "सीटला नातंगोतं नसतं," म्हणून हसायचे. पोट भरत होतं. त्यांचं निभलं म्हणून मी स्वतःला माफ करत होतो, आणि तेच मला जास्त सोपं पडत होतं. एकदाच, भर दुपारी, त्यांनी सुई बाजूला ठेवली आणि तळव्याकडे बघून म्हणाले, "सर, काही काही फुंकर मारून बी जात न्हाई." मी मान खाली घातली. त्यांनी पुन्हा सुई उचलली.

चार वर्षं अशी गेली. गेल्या हिवाळ्यात चाचा वारले. कब्रस्तानात अर्धं गाव आलं होतं. रांगेत माझ्यापुढे नाना होते. त्यांनी माती टाकली, हात झटकले आणि मला म्हणाले, "माणूस सोन्यासारखा होता, सर. त्या एका चुकीत गेला."

माझ्या मुठीत माती होती. मी म्हणालो, "नाना, ती चूक त्यांची नव्हती. तो कापूस माझ्या वडिलांचा होता. मला ठाऊक होतं, आणि मीच घ्या म्हणालो होतो."

नाना थांबले. त्यांनी कबरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता सांगून राह्यले, सर?"

मागून कुणीतरी म्हणालं, पुढं सरका.