काळ्या लोकरीतली चिमूटभर माती

या साइटवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचते आणि हसून सोडून देते, हे आधीच सांगते. नागपूरला घरी कुणी दृष्ट काढायला आलं तर मी उठून जायचे. तरीही २००५ साली मिशिगनमध्ये, ट्रॉयला, सकाळी दहाच्या लख्ख उन्हात जे झालं ते लिहितेय. पटलं तर घ्या.

माझं पहिलं बाळ गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात गेलं. एवढ्या लहानग्याला आपण जाळत नाही, म्हणून इथल्याच सेमेटरीत, म्हणजे दफनभूमीत, पुरलं. वर्षाने पुन्हा दिवस राहिले आणि चौथा महिना संपत आला तशी माझी झोपच उडाली.

शेजारच्या एलन रिटायर्ड प्रोफेसर. हजार वर्षांपूर्वीचं इंग्रजी शिकवायच्या. चहा पिताना मी सहज विचारलं, की तुमच्याकडच्या त्या काळच्या बायका बाळ टिकावं म्हणून काही करायच्या का? त्या खुलल्याच. म्हणाल्या, अँग्लो-सॅक्सन, म्हणजे त्या काळची इंग्रज बाई गेलेल्या बाळाच्या कबरीची माती काळ्या लोकरीत गुंडाळून विकायची. "मी विकते, तुम्हीही विका" असं म्हणायचं, की दुःख पुढे जातं.

"बट डोन्ट ट्राय इट," त्या हसून म्हणाल्या.

मी ट्राय केलं! शिरीषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं नाही. त्याने चिडवून जीव नकोसा केला असता. बाळाच्या कबरीवरची चिमूटभर माती आणली, जुन्या स्वेटरची काळी लोकर उसवली. शनिवारी जुनं सामान विकायला दारात गराज सेल मांडला होता, पण ऐनवेळी लाज वाटली... पुरचुंडी टेबलाखाली, कुकरच्या खोक्यात टाकली.

दहा वाजता साठीची एक गोरी बाई आली. टेबलावरच्या वस्तूंकडे बघितलंसुद्धा नाही.

"काळी लोकर कुठाय?"

मी खोकं उघडून पुरचुंडी दिली. तिने क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरचं नाणं, ठेवलं. माझ्या तोंडून निघून गेलं — "आय सेल इट."

"अँड आय विल सेल इट टू, हनी. टुडे." एवढं बोलून ती चालत कोपऱ्यावरून वळली.

त्या बाईला तुम्ही पाठवलंत का, असं एलनना विचारलं तर त्या चक्क रागावल्या. "तू खरंच केलंस?" मी हे केलंय हेच त्यांना ठाऊक नव्हतं, तर त्या दुसऱ्या कोणाला काय सांगणार?

मुलगी झाली, पूर्ण दिवसांची. श्रेय डॉक्टरांचं. त्यांनी गर्भाशयाच्या तोंडाला वेळेत टाका घातला होता, आणि यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये. पण खोक्यातलं त्या बाईला कसं कळलं, याचं उत्तर तीन वर्षांत मला मिळालेलं नाही.

आणखी एक. त्या शनिवारपर्यंत मी सेमेटरीत गेले की ढसाढसा रडायचे. त्यानंतर एकदाही रडू आलं नाही. फुलं ठेवते, उभी राहते... काहीच होत नाही. शिरीष शेजारी डोळे पुसतो आणि मी कोरडी. त्या बाळाचीही आई आहे मी. ती बाई पुन्हा दिसली तर मागेल ते देऊन माझं दुःख थोडं तरी परत घेईन.