आईच्या गोष्टींची इंग्रजी पुस्तकं

आमच्या घरात तीन इंग्रजी पुस्तकं होती आणि ती वाचता येणारं कुणी नव्हतं. आबा, म्हणजे माझे वडील, लष्करात हवालदार होते. कुठल्याशा छावणीतल्या वाचनालयानं जुनी पुस्तकं रद्दीत काढली, तेव्हा नुसती चित्रं बघून त्यांनी ही तीन उचलली आणि ट्रंकेतून मेढ्याला आणली. एक परीकथांचं, एक बर्फाळ समुद्रातल्या प्रवासाचं, एक पशुपक्ष्यांचं. जाड पुठ्ठे, झिजलेली सोनेरी अक्षरं आणि प्रत्येक रंगीत चित्रावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ कागद. तो कागद फक्त आई उचलायची. आम्ही दोघं भावंडं हात मागं बांधून बघायचो.

आई चौथी शिकलेली. अक्षरांकडं ती बघतसुद्धा नसे. चित्र बघायची आणि गोष्ट रचायची. परीकथांच्या पुस्तकात हिरव्या झग्यातली एक मुलगी उंच खिडकीत बसली होती आणि खाली गवतात एक कोल्हा मान वर करून उभा होता.

"ही पोरगी आपल्या मेढ्याचीच," आई सांगायची. "घाट उतरून लय लांब दिलीया. आन् ह्यो कोल्हा तिच्या म्हायेराचा निरोप घिऊन आलाय. पर सांगंल कसा? जनावर त्ये."

"मग गं?" भाऊ विचारायचा.

मग दर वेळी वेगळं काही व्हायचं. कधी मुलगी खाली उतरायची, कधी कोल्हा पायानं धुळीत रेघोट्या ओढून दाखवायचा. बर्फात अडकलेल्या जहाजातली माणसं आईच्या लेखी मीठ आणायला निघालेली होती. चित्रातल्या घुबडाला ती आमच्या चुलत आजोबांच्या नावानं हाक मारायची.

लग्न होऊन मी सांगलीला आले. नवरा हळदीच्या पेढीवर कामाला, घर नदीपासून जवळ, तळमजल्यावर. आबा गेले तसं मी आईला माझ्याकडं आणलं. तिच्या गाठोड्यात चार लुगडी होती आणि ही पुस्तकं.

दोन वर्षं बरी गेली. मग एका सकाळी आईच्या हातातली कपबशी पडली. मी धावले तर ती माझ्याकडं बघत होती, तोंड हलत होतं आणि शब्द येत नव्हता. दवाखान्यातून घरी आली तेव्हा उजवा हात थोडा हलत होता, समजत सगळं होतं, पण वाचा गेली होती. पाणी हवं असलं तरी सांगता यायचं नाही. मनातून निघालेला शब्द वाटेतच कुठंतरी अडकायचा आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक तरुण बाई यायच्या. त्यांनी चित्रांचा तक्ता आणला होता. सफरचंद, चेंडू, छत्री. आईनं तोंड फिरवलं. चार वेळा आणला, चारही वेळा फिरवलं.

"त्यांच्या ओळखीचं काही चित्र नाही का हो तुमच्याकडं?" बाईंनी विचारलं.

मी परीकथांचं पुस्तक काढलं. पातळ कागद उचलला. आई कितीतरी वेळ चित्राकडं बघत राहिली. मग तिचा डावा हात उठला, बोट कोल्ह्यावर टेकलं.

"को... को... कोला."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्या उन्हाळ्यात आम्ही रोज दुपारी पुस्तक घेऊन बसायचो. घुबड आलं. जहाज आलं. जहाजाच्या आधी मीठ आलं होतं, ते बाईंना कळेना, मला कळलं. मग एक दिवस कोल्ह्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "निरोप." आणि माझ्याकडं बघून हसली. एकेका शब्दाला घाम यायचा तिला, पण यायचा शब्द. भावाला मी फोनवर ऐकवलं. तो शिरवळला कंपनीत पाळीवर होता. म्हणाला, "ताई, आई परत यायला लागली गं."

पावसाळ्यात कृष्णा चढली. दरवर्षी चढते, पायरीला लागते आणि उतरते, म्हणून आम्ही धान्य आणि पुस्तकं कपाटावर ठेवली आणि थांबलो. या वेळी ती उतरली नाही. घरात गुडघाभर पाणी झालं तेव्हा बोट आली. आईला खुर्चीसकट उचलावं लागलं. मी कपाटाकडं वळले तसा बोटीतला एक जण ओरडला, "आवं ताई, सामान न्हाई! आधी माणसं!"

त्याचं बरोबर होतं. मागं आणखी लोक छपरांवर बसले होते.

आठवडाभर आम्ही एका शाळेत होतो. आई भिंतीकडं तोंड करून पडून असायची. घास घ्यायची, बोलायची नाही. घाबरलीय, घरी गेल्यावर होईल ठीक, असं मी सगळ्यांना सांगत होते.

घरी आलो तर पाणी कपाटाच्याही वर जाऊन आलेलं. भिंतीवर त्याची मातकट रेघ. पुस्तकं फुगून पावासारखी झाली होती. मी ती गच्चीवर सावलीत उभी करून ठेवली, पानांत सुती कापडं घातली. साधी पानं कशीबशी सुटली. पण रंगीत चित्रांचा कागद गुळगुळीत, चकाकणारा. तो भिजून वाळला की समोरच्या कागदाला धरून बसतो, ते मला माहीत नव्हतं. चित्रांच्या जागी घट्ट लाकडासारख्या वड्या झाल्या होत्या.

मी सुरी घेऊन बसले. आई शेजारी खुर्चीत होती. अगदी हलक्या हातानं कडेनं सोडवत आत गेले. हिरव्या झग्याची एक बाजू वर आली, तिचा रंग पातळ कागदावर उतरलेला. मुलीचा चेहरा निघाला तो नुसता पांढरा. खालचा कोपरा ओढला तर कोल्हा मधोमध फाटला.

आईनं डावा हात माझ्या मनगटावर ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

आजारपणानंतर इतकं स्पष्ट ती कधीच बोलली नव्हती. त्यानंतर ती काहीच बोलली नाही.

मी हट्टाला पेटले. भावानं पुण्याच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडं चौकशी करकरून तेच पुस्तक मिळवलं, तीच आवृत्ती. कोरडं, नीटनेटकं, चित्रावरचा पातळ कागदही शाबूत. तो ते घेऊन स्वतः आला. आईच्या मांडीवर ठेवून तेच पान उघडलं.

"आई, ह्यो कोण गं?" तो लहानपणच्या बोलीत म्हणाला. "सांग की. कोण हाय ह्यो?"

आईनं चित्र पाहिलं, मग त्याला पाहिलं. रस्त्यात अनोळखी माणसानं पत्ता विचारावा तशी तिची नजर होती. भाऊ उठून गॅलरीत गेला.

डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या केल्या. म्हणाले, पुराच्या दिवसांत कधीतरी अर्धांगाचा दुसरा, छोटा झटका येऊन गेला असावा. पुस्तकं पुरातून वाचली असती तरी शब्द राहिले नसते. ते मला दिलासा द्यायला म्हणाले असतील. मला तो आजतागायत मिळाला नाही. व्यायामाच्या बाई आणखी महिनाभर आल्या आणि मग त्यांनीच हळू आवाजात सांगितलं की आता येण्यात अर्थ नाही.

एका दुपारी आई झोपली असताना मी ती गोष्ट पहिल्यांदा वाचली. मला इंग्रजी कामापुरतं येतं, फोनवर शब्दांचे अर्थ बघत वाचली. त्यात माहेर नव्हतं. निरोप नव्हता. कोल्हा कोंबड्यांवर टपून बसलेला आणि ती मुलगी राखणदाराची, तो दिसला की ओरडायला खिडकीत बसवलेली. पुढच्याच पानावर कोल्ह्याला गोळी घालतात. एवढीच गोष्ट. पुस्तक नवंकोरं माझ्या हातात होतं आणि आमचं त्यात काहीच नव्हतं.

आईच्या गोष्टी मी वहीत उतरवायला बसले. दोन पानं झाली. वाचून बघितली तर माझंच बोलणं होतं, बेताचं, शाळेतल्या निबंधासारखं. भावाला विचारलं. त्याला सगळं वेगळंच आठवत होतं आणि बरंचसं आठवतच नव्हतं. आम्ही फोनवर थोडं भांडलोसुद्धा. खरं सांगू शकणारी एकटी आई शेजारच्या खोलीत जागी होती.

थंडीत ती गेली. शेवटचे तीन दिवस ती डोळे उघडून छताकडं बघत होती, ओठ सारखे हलत होते. मी कान अगदी तोंडाजवळ नेला. श्वास तेवढा ऐकू येत होता.