तारप्याकडे तोंड, कॅमेऱ्याकडे पाठ

मंडळी, आज डोळखांबजवळच्या पाड्यावर मंगळीआजीला मोबाईलवर एक जुना कृष्णधवल रडका चित्रपट दाखवला. त्यातल्या नाचात तिची आई होती. घरात आईचा एकही फोटो नाही.

आधी पाड्यावरची पोर झालेली नायिका आली. तोंडाला काजळी, डोक्यात पिसं, आणि भाषा आमच्या संस्कृतच्या गुरुजींना लाजवेल इतकी शुद्ध.

"ही कोण रे मास्तर? चुलीत पडली का?" आजीने मला विचारलं.

मागे पाड्यातल्या बायका नाचत होत्या. सगळ्या पाठमोऱ्या.

"तारप्याला पाठ दावीत नाय आमी," आजी म्हणाली. भोपळ्याचा तारपा फुंकणारा रिंगणाच्या मधोमध होता आणि कॅमेरा बाहेर; पलीकडच्या बायका अलीकडच्यांच्या पाठीआड. आत जायची तसदी कोणी घेतलीच नाही.

आजीने तीनदा पाहिलं. मग म्हणाली, "आता म्होरून दाखव."

समोरून काही टिपलंच नाही, हे तिला कसं सांगायचं?