नऊशे पाउंडांची ठासणीची बंदूक

मंडळी, आज अप्पांना, म्हणजे कोकणातून आलेल्या माझ्या वडिलांना, इथे लंडनबाहेर वॉटफर्डजवळ जुन्या शस्त्रांच्या फेअरला नेलं. माल भरपूर, पण भाव बघून माझे डोळे पांढरे झाले!

एका टेबलाशी अप्पा थबकले. "अगं, ही तर आपल्या गावच्या घरात आहे तशीच ठासणीची बंदूक!" लेबलवर लिहिलेलं: अँटिक, नऊशे पाउंड. डीलरला विचारून अप्पांनी नळीत करंगळी घातली. ती तांबडी होऊन बाहेर आली. "आतून गंजलीय. एवढ्याची नाही ही."

डीलर म्हणाला, "नुसती भिंतीवर लावायची, म्हणून लायसन्स लागत नाही."

मी सांगितलं, आमच्या गावी लायसन्स लागतं, शिवाय निवडणूक आली की बंदूक पोलीस स्टेशनात जमा करावी लागते.

"म्हणजे तुम्ही अजून वापरता?" तो खुर्चीतून उठलाच. "विकणार का?"

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. अप्पांना विचारलं.

"विकली तर रानडुकरं शेतात शिरल्यावर त्यांना काय नोटा दाखवू?"

घरी आल्यापासून डोक्यात तेच चाललंय. तुमच्या गावच्या घरात असं काय आहे, जे इथे काचेमागे ठेवतात आणि तिथे उद्या सकाळी लागणार आहे?