सीव्हीटीचं तेल आणि आपणहून आलेलं गिऱ्हाईक

गॅरेजमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. शटर वर केलं की ते येतात. कधी स्वतःच्या चाकांवर, कधी टोचन लावून, आणि बहुतेकांचं वय साठीच्या पुढचं असतं!

गॅरेज सोनईत, माझ्या भानुदासमामांचं. मी तिथं आलो तो मेकॅनिकल इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी गिअरबॉक्स फक्त फळ्यावर पाहिला होता, मग मी फी कशाची भरायची? वडील रिटायर मास्तर. तेव्हापासून ते माझ्याशी फक्त आईमार्फत बोलतात.

हल्ली आमच्याकडे सीव्हीटी गाड्या वाढल्यात. आतली भानगड सोपी आहे. दोन पुली आणि त्यांच्यावरून फिरणारा लोखंडी पट्टा. पुलीची खाच रुंद-अरुंद होते तसा वेग बदलतो, म्हणून हातानं गिअर टाकावेच लागत नाहीत. यंत्र चांगलं आहे. त्याचं तेल तेवढं वेगळं असतं आणि ते वेळेवर बदलावं लागतं. मी मामांकडे फक्त या गाड्यांसाठी मागची रिकामी शेड मागितली.

मामा म्हणाले, "मोडल्याबिगर कोन येत न्हाई रं. गाडी चांगली चालत असताना एक तरी गिऱ्हाईक आपनहून म्हनलं ना, की सीव्हीटीचं तेल बदला, त्या दिवशी शेडची किल्ली तुझी!"

आमच्या घरी जेवायला आले की मामा ही अट सगळ्यांना पुन्हा सांगतात आणि खदाखदा हसतात. वडील खाली मान घालून भाकरी मोडत राहतात. एकदाच बोलले, तेही आईकडे बघून. "गाडीला गिअर असावेत. माणसाला शिस्त लागते."

*

पहिलं गिऱ्हाईक पटवायला मी नानांना धरलं. नाना म्हणजे गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन. अजून कुणी 'माजी' म्हणालं की त्यांना ऐकू येत नाही.

"नाना, गाडी लई पळाली. तेल बदलू."

"कंपनीनं शीलपॅक दिलीय ना?"

"दिलीय, पण तेल जुनं होतं."

नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, तुपाचा डबा एकदा फोडला की वास जातो. तू नको फोडूस!"

*

पारनेरकडचे एक गुरांचे डॉक्टर. पेट्रोल वाचवायला प्रत्येक उतारावर गाडी न्यूट्रल करायचे. मी सांगितलं, "डॉक्टर, सीव्हीटीला हे करायचं नसतं." तर म्हणाले, "मी बैलांना इंजेक्शनं देतो, मला शिकवू नको."

पुढं गाडी आली ती रडत. खालून अशी शीळ, की रस्त्यावरची कुत्री मागं लागलेली!

"डॉक्टर, हा आवाज कधीपासून येतोय?"

"मधे थोडे दिवस येत होता."

"मग?"

"मग मी टेपचा आवाज वाढवला. गेला!"

*

जामखेडच्या रस्त्याला एका बागायतदाराची सीव्हीटी बंद पडली. अशी गाडी पुढची चाकं उचलून न्यायची असते, कारण चाकं फिरली की पट्टा फिरतो आणि इंजिन बंद असलं की त्याला तेल मिळत नाही. मी फोनवर तीनदा सांगितलं. त्यांनी तीनदा "व्हय" म्हटलं.

आणि ट्रॅक्टरला दोरखंड बांधून चारही चाकांवर ओढत थेट सोनईला आणली. स्वतः स्टिअरिंगवर बसून वडापाव खात!

पट्ट्याचा चुरा झाला होता. मी तो त्यांना हातावर घेऊन दाखवला. ते म्हणाले, "असं कसं? सगळ्या रस्त्यानं एकदाबी चालू केली न्हाई मी तिला!"

*

मामांनाही सोडत नाही. मी बाजारात गेलेलो असताना त्यांनी एका सीव्हीटीत ट्रॅक्टरचं तेल ओतलं. "तेल ते तेल."

परत आलो तर गाडी जागेवर उभी राहून बोंबलतीय. आरपीएम वर, चाकं गप्प. आत मालक घामाघूम. आणि मामा खिडकीशी उभं राहून त्याची समजूत घालतायत, "नवीन तेल हाय, अंगी लागायला टाईम लागतो!"

ते सगळं उतरवून साफ करण्यात माझे कितीतरी दिवस गेले. मामांनी लांबून बघून एवढंच म्हटलं, "न्हाई, पन रंग सेम हुता."

*

मग एक वरात. नवरदेवाची गाडी सीव्हीटी. पुढं डीजे, बॉनेटवर बसलेली दोन पोरं, आणि गाडी भर उन्हात मुंगीच्या चालीनं. पेट्रोल-ब्रेक, पेट्रोल-ब्रेक. पारापाशी गाडी थांबली ती थांबलीच. मांडवातून मला बोलावणं आलं.

आतून भट्टी झालेली. मी नवरदेवाच्या चुलत्यांना विचारलं, "गाडी गरम झाल्याचा लाल दिवा लागला असंल ना?"

"लागला हुता की!"

"मग थांबला का नाही?"

"थांबून कसं चालंल? पाव्हण्यांना दिसू नये म्हणून वरून झेंडूची माळ घातली."

*

आणि परवाची गोष्ट. गॅरेजसमोर चहा चालला होता. मामा, नाना, अजून दोन-चार म्हातारी मंडळी. मामा पुन्हा तीच अट रंगवून सांगत होते.

तेवढ्यात वडिलांची गाडी आत आली. मी शाळेत होतो तेव्हापासूनची, पांढरी. गॅरेजला ते कधी येत नाहीत. त्यांनी काच खाली केली.

"भानुदास, सीव्हीटीचं तेल बदलायचंय."

मामा कप घेऊनच उठले. "काय बिघडलं, दाजी?"

"काही नाही. उत्तम चालते. आपणहून आलोय."

मामांनी वाकून आत बघितलं. दोन सीटांच्या मधे गिअरचा दांडा उभा. वडिलांच्या तळव्यानं वरचे आकडे पार पुसलेले.

"दाजी, पन हिला तर गिअर हायेत!"

वडील समोरच्या काचेकडे बघत होते. मग वर्गातल्या आवाजात म्हणाले, "भानुदास, मी तेल बदला म्हणालो. शंका विचारा म्हणालो नाही."

नानांचा चहा तसाच हातात राहिला. मामांनी पुन्हा एकदा त्या दांड्याकडे बघितलं. मग त्यांनी जुडग्यातून शेडची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

वडिलांनी मान वळवली. माझ्याकडे.

"किती वेळ लागेल?"

मी म्हटलं, "बसा. अर्धा तास."