लिफ्ट घेऊन ओहायोला

त्या हिवाळ्यात आमच्या गॅरेजमध्ये गाड्यांना जागा नव्हती, कारण तिथे मी लिफ्ट बांधत होते.

खरी नव्हे, नाटकातली. पार्सिपनीच्या आमच्या हौशी ग्रुपने एकांकिका स्पर्धेसाठी बसवलेलं नाटक सगळंच्या सगळं एका बंद पडलेल्या लिफ्टमध्ये घडतं. शेवटी दार उघडतं, पण बाहेर यायला कुणी तयार नसतं. म्हणजे दार खरोखर सरकायला हवं होतं, आणि तेही आवाज न करता. नेपथ्य माझ्याकडे होतं. दिवसभर मी एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये असते. संध्याकाळी हातात करवत आली की माझी मान दुखायची थांबते. लिफ्टच्या भिंती सुट्या होत होत्या. दाराची चौकट मात्र रूळ, चाकं आणि दोन्ही पल्ल्यांसकट एकसंध होती. पल्ले जुळवायला मला इतके दिवस लागले होते की, "ही चौकट आता कुणी खोलायची नाही," असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

स्पर्धा ओहायोत, शनिवारी. सेट न्यायला ग्रुपमधल्या एकाच्या मित्राची मोठी व्हॅन ठरली होती. बुधवारी संध्याकाळी फोन आला, व्हॅनचा गिअरबॉक्स गेला. भाड्याचे ट्रक शोधायला बसलो तर महिनाअखेर. घरं बदलणाऱ्यांनी सगळे उचललेले. शेवटी एका ठिकाणी एक बंदिस्त ट्रेलर शिल्लक सापडला. मोजमाप पाहिलं, चौकट आडवी बसत होती. मी लगेच बुक केला.

गुरुवारी सकाळी मी आणि नवरा आमची एसयूव्ही घेऊन तिथे गेलो. काउंटरवर माझ्याच वयाची एक बाई होती. तिने पहिला प्रश्न विचारला तो गाडीचं मॉडेल कोणतं हा. नवऱ्याने सांगितलं. तिने मान हलवली.

"या मॉडेलच्या मागे आम्ही ट्रेलर देत नाही."

"पण हिला कंपनीचाच हिच आहे, ट्रेलर जोडायचा हूक," नवरा म्हणाला. "मॅन्युअलमध्ये लिहिलंय किती वजन ओढते ते. दाखवू?"

"गाडी ओढेल, मला माहीत आहे," ती म्हणाली. "ट्रेलर मात्र आमचा आहे आणि नियमही आमचा. दुसरी गाडी आणा, ट्रेलर मी तुमच्यासाठी ठेवते."

नवरा इंजिनिअर. गाडीचं वजन, चाकांमधलं अंतर, ब्रेक, सगळं तो तिला समजावून सांगू लागला. ती शांतपणे ऐकत राहिली आणि त्याचं संपल्यावर तेच वाक्य तशाच शांतपणे पुन्हा म्हणाली. मी त्याच्या बाहीला धरून त्याला बाहेर आणलं.

पार्किंगमध्ये उभ्या उभ्या मी गाड्या भाड्याने देणाऱ्यांना फोन लावले. त्यांचा नियम त्याच्या बरोब्बर उलट: गाडी कुठलीही घ्या, पण तिच्या मागे काहीही जोडायचं नाही. आमच्या नाटकाच्या दिग्दर्शक काकांकडे मिनीव्हॅन होती, तिला हिचही होता, पण तो फक्त सायकलींचा रॅक अडकवण्यापुरता. मी आत जाऊन विचारलं. "सायकलींसाठीच ठेवा तो," बाई म्हणाली, आणि या वेळी जराशी हसली.

मग मी लेकीला फोन केला.

लेक पेनसिल्व्हेनियात राहते, शेतांच्या मुलखात. गाई-घोड्यांची डॉक्टर आहे. तिच्याकडे एक दणकट पिकअप ट्रक आहे, आणि आजारी घोड्यांचे ट्रेलर ती असे ओढते की जणू हातात भाजीची पिशवी आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मी येते उद्या सकाळी. बट आय कान्ट ड्राइव्ह यू टू ओहायो, आई. शनिवारी मी ऑन-कॉल आहे. तू माझा ट्रक घेऊन जा, मी तुझी कार नेते."

"म्हणजे चालवणार कोण?"

"यू गाइज. इट्स नॉट हार्ड. फक्त रिव्हर्स हार्ड आहे."

शुक्रवारी उजाडता उजाडता तिचा ट्रक आमच्या दारात आला. काउंटरवरच्या बाईने स्वतः बाहेर येऊन तो तपासला. ट्रेलर ज्या गोळ्यावर बसतो त्याचं माप पाहिलं, हिचवर ठोकलेला वजनाचा आकडा वाचला, दिव्यांची वायर जोडून मला ब्रेक दाबायला सांगितलं. "हा ट्रक," ती म्हणाली, "तुम्हाला चंद्रावर घेऊन जाईल. पण पंचावन्नच्या वर नाही न्यायचा." ट्रेलरच्या अंगावरही पंचावन्न मैलांची ती मर्यादा मोठ्या अक्षरांत रंगवलेली होती.

तिथून लेकीने आम्हाला देवळाच्या पार्किंगमध्ये नेलं. शुक्रवारी सकाळी तिथे चिटपाखरू नव्हतं. तिने नारिंगी शंकू मांडून एक गल्ली तयार केली आणि आधी नवऱ्याला बसवलं. ट्रेलर मागे घेताना सगळं उलटं होतं: स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे वळतो. नवऱ्याला हे पूर्ण पटलेलं होतं, त्याने त्याची भूमितीसुद्धा आम्हाला सांगितली, आणि सांगता सांगता दोन शंकू चिरडले. मग पुन्हा प्रयत्न केला आणि उरलेले चिरडले.

"बाबा, यू आर आर्ग्यूइंग विथ इट," लेक म्हणाली. "उतर. आई, तू बस."

मी बसले. पाय नीट पोचेपर्यंत सीट पुढे घेतली. चेपलेले शंकू पुन्हा उभे करून लेक खिडकीशी आली.

"हात वर नको. स्टीअरिंगच्या खाली धर, अगदी तळाला. आता विसर सगळं. ट्रेलर जिकडे जायला हवा, तिकडे हात ने. बस. आणि स्लो. घोडा आत आहे असं समज."

मी हात डावीकडे नेला. आरशात ट्रेलरची शेपटी डावीकडे वळली. हात उजवीकडे, शेपटी उजवीकडे. अंगात काहीतरी जागच्या जागी बसल्यासारखं झालं. करवत रेषेवरून सुटायला लागली की मनगट आपोआप सावरतं, तसंच हे होतं: जरासं वाकडं व्हायला लागलं की जरासंच दुरुस्त करायचं, मोठं होऊ द्यायचं नाही. बिघडलं तर अडून बसायचं नाही, पुढे जाऊन सरळ करायचं आणि पुन्हा मागे यायचं. चौथ्या-पाचव्या खेपेला मी ट्रेलर शंकूंच्या मधोमध नेऊन उभा केला.

लेकीने दोन्ही हात वर केले. नवरा म्हणाला, "ठरलं. तूच चालव."

घरी येऊन सेट भरला. जड सामान पुढच्या अर्ध्या भागात, हा लेकीचा हुकूम. मागे वजन झालं तर ट्रेलर रस्त्यावर झुलायला लागतो. चौकट गाद्यांमध्ये गुंडाळून मी स्वतः बांधली. निघताना लेक मला म्हणाली, "ट्रेलर हलायला लागला तर ब्रेक मारू नकोस. गॅस सोड आणि धरून राहा." मग माझ्या छोट्या गाडीत बसून, रेडिओ मोठा करून ती निघून गेली.

पहिला तास माझ्या खांद्यांचे दगड झाले होते. सगळं जग आम्हाला ओलांडून जात होतं. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत लांबलचक उतार लागले तेव्हा लेकीने सांगितल्याप्रमाणे मी खालच्या गिअरमध्ये गेले. एका उतारावर अठरा चाकांचा ट्रक शेजारून सुसाट गेला, त्याच्या वाऱ्याने ट्रेलर हलला, आणि तो हेलकावा मला पाठीत जाणवला. नवऱ्याने दरवाजाचं हँडल धरलं. माझा पाय ब्रेककडे निघाला होता. मी तो आवरला, गॅस सोडला आणि स्टीअरिंग घट्ट धरून राहिले. ट्रेलर एकदा झुलला, दुसऱ्यांदा त्याहून कमी, आणि मग सरळ झाला.

"शाबास," नवरा हळूच म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या ड्रायव्हिंगबद्दल त्याने काढलेला हा पहिला चांगला शब्द. मी हसायला लागले, आणि खांदे तिथेच उतरले. त्यानंतर मला मजा येऊ लागली. दुपारच्या जेवणाला थांबलो तेव्हा ट्रकवाल्यांच्या रांगेत गाडी लावून मी अशी खाली उतरले की जणू जन्मभर हेच करत आले आहे.

स्पर्धा एका हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये होती. रात्र वाटेतल्या मोटेलमध्ये काढून शनिवारी सकाळी पोचलो तर दिग्दर्शक काका बाहेरच येरझाऱ्या घालत होते. सामान उतरवायचा धक्का इमारतीच्या मागे होता: एका बाजूला विटांची भिंत, दुसऱ्या बाजूला कचऱ्याचे मोठे लोखंडी डबे, मधे चिंचोळी वाट, आणि ती उलटं जाऊनच गाठायची. आधीच्या ग्रुपने आपला सेट दूर पार्किंगमधून हातांनी वाहून आणला होता. त्यांची मंडळी कॉफी पीत उभीच होती. त्यांच्यातला एक जण पुढे आला.

"काकू, अवघड आहे हो. किल्ली द्या, मी ट्राय करतो."

"नको," मी म्हणाले. "फक्त मागे कुणी उभं राहू नका."

स्टीअरिंगच्या तळाशी हात ठेवला. पहिल्या खेपेला ट्रेलर भिंतीकडे झुकला. थांबले, पुढे गेले, सरळ केला. दुसऱ्यांदा डब्यांच्या बाजूला जास्त गेला, पुन्हा पुढे. नवरा बाजूला उभा होता आणि एक अक्षर बोलत नव्हता, याचं मला अजूनही कौतुक वाटतं. तिसऱ्या खेपेला वाट आरशात दोन्हीकडे सारखी दिसू लागली. हात किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे. भिंतीच्या विटा खिडकीजवळून एकेक करत सरकत गेल्या. धक्क्याच्या रबराला ट्रेलर अलगद टेकला तेव्हा मला धक्कासुद्धा जाणवला नाही.

आधी काकांनी टाळी वाजवली, मग त्या दुसऱ्या ग्रुपने. किल्ली मागणाऱ्याने तर चक्क शिट्टी मारली. "काय लावलाय यार!" म्हणत ती मंडळी आमची चौकट उतरवायला धावली.

गाद्या सोडून मी पल्ल्याला एक बोट लावलं. तो सरकला, आवाज न करता.

संध्याकाळी आमचं नाटक झालं. मी विंगेत दार सरकवायची दोरी धरून बसले होते. शेवटच्या क्षणी दार उघडलं, मागचा पांढरा प्रकाश प्रेक्षकांवर पडला. लिफ्टमधलं कुणी हललं नाही. मग टाळ्या सुरू झाल्या आणि पडदा पडला तरी थांबेनात.

पहिलं बक्षीस आमच्या नाटकाला मिळालं, आणि नेपथ्याचंही. माझं नाव पुकारलं तेव्हा मी अजून कामाच्या हातमोज्यांतच होते. तशीच स्टेजवर गेले.

नंतर आम्ही सगळे पार्किंगमध्ये, ट्रेलरचं दार उघडं टाकून, त्याच्या काठावर पाय सोडून पिझ्झा खात बसलो. काका पुढच्या वर्षीच्या नाटकाबद्दल बोलायला लागले. त्यात म्हणे एक आख्खी होडी लागणार होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळी परत जाताना गाडी कोण चालवणार, हे मात्र कुणी विचारलंसुद्धा नाही.